किटबोकच्या वाटणीचं क्वाय

चार आठवडे अंथरुणाला खिळलेला किटबोक त्या शनिवारी सकाळी सहाला उठून दाढी करायला बसला, आणि आरसा त्यानं बहिणीच्या, फिदालियाच्या हातात दिला.

"आरसा नीट धर, दूह," तो म्हणाला. "मी हलत नाहीये, तू हलतेयस."

आवाज कसला, नुसती हवा. अन्ननलिकेतल्या गाठीनं आधी त्याचं जेवण तोडलं, मग आवाज खाल्ला. नाताळापर्यंत धरून चाला, असं डॉक्टरनं फिदालियाला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, आणि नोव्हेंबर निम्मा सरला होता. सासष्ट वर्षांचा माणूस, पण गालफडं इतकी आत गेलेली की वस्तऱ्याला तिथवर पोचायला वाट सापडेना.

दूह म्हणजे शेंडेफळ. फिदालिया अठ्ठावन्नची झाली, गुडघे गेले, मॉप्रेमच्या चढावरची तिची जादोहची खानावळ तीस वर्षं चालली, डुकराचं मांस घातलेला तिचा भात खायला लोक पलीकडच्या टेकडीवरून येत. सगळा बाजार तिला कोंग फिदा म्हणून मान द्यायचा. भावाच्या तोंडी मात्र ती अजून दूहच. आईचं घर धाकट्या लेकीला मिळतं, याचं शिलाँगला येणाऱ्या पाहुण्यांना भारी कौतुक. घराबरोबर घरातली माणसंही मिळतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. बायकोच्या घरून हाकललेला, दारूनं पोखरलेला भाऊ फिदालियाला असाच मिळाला होता. तो कुठे जाणार? पुरुष शेवटी आईच्या घरचा, आणि आईचं घर म्हणजे दूह.

"मामा, हे बघ." तिची लेक इबा वर्तमानपत्र घेऊन आत आली. "तुझ्या बाह ब्रिंग्टननं काय सांगितलंय. म्हणतो, सत्तावीस वर्षांनी माझ्या गावात वाजवतोय, तर आधी माझ्या गेलेल्या सोबत्यांसाठी स्टेजवर पान-सुपारीचं क्वाय ठेवणार."

किटबोकनं वस्तरा खाली ठेवला. "दोन ठेवावी लागतील. एक आल्फीचं, एक मॉर्डिंगचं." त्यानं फेसानं भरलेल्या हाताची दोन बोटं वर केली. "चौघांचा आमचा हेलस्टोन्स बँड. दोन गेले, उरलो आम्ही दोघं."

आरसा फिदालियाच्या हातून सुटला. फुटला नाही, उशीवर पडला.

"झालं," किटबोक म्हणाला. "आता बाईसाहेबांना भोवळ येतेय. आजारी कोण आहे इथं?"

इबा खोखो हसली. बिचारीला काय ठाऊक. पहाटेपासून रांगेत उभी राहून तिनं तीन तिकिटं आणली होती, पुढच्या रांगांतली, आणि मामाच्या उशाशी ठेवली होती. महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडलेला मामा त्या दिवसापासून माणसात आला. पेज गिळायला लागला. ट्रंकेतून काळं जाकीट काढायला लावलं. जुन्या ड्रमच्या काठ्या शोधून आणायला लावल्या आणि पांघरुणाखाली गुडघ्यावर ठेका धरायला लागला. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? फिदालियानं थंडीचं कारण सांगून पाहिलं, गर्दीचं सांगून पाहिलं, डॉक्टरचं नाव पुढे केलं. इबा म्हणाली, "मेई, तू त्याला खाटेवरच मारणार आहेस का?" त्यावर ती गप्प बसली.

गप्प बसायची तिला सवय होती. चौदा वर्षांची.

ऑक्टोबरातली ती सकाळ तिला जशीच्या तशी आठवत होती. समोरच्या खोलीतला फोन वाजला. पलीकडून ओळखीचा खरखरीत आवाज. "कोंग फिदा? मी ब्रिंग, कोलकात्याहून. किट आहे का?" बँड पुन्हा उभा करतोय, म्हणाला. चाळीस गावं ठरलीत, दिल्ली, मुंबई, मग थेट बँकॉक. "ड्रमवर मला दुसरा कोणी नको. मी गाताना कुठे श्वास घेतो, ते फक्त त्याला कळतं."

किटबोक तेव्हा आत स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. दारू सोडून त्याला आठ महिने झाले होते. ते आठ महिने कसे गेले ते फिदालियाला विचारावं. त्याला खाटेला बांधून ठेवलं होतं, त्यानं तिच्या मनगटाचा चावा घेतला होता, आणि शेजारच्या खोलीतून मरणाला टेकलेली आई विचारत राहायची, कोण रडतंय गं, कोण रडतंय. याच ब्रिंग्टनबरोबर गावोगाव हिंडून तो असा झाला होता. प्रत्येक कार्यक्रमानंतर बाटली, प्रत्येक बाटलीनंतर गटार. दिमापूरला तो स्टेजवरून खाली पडला, आणि बँड मोडला तोही तिथेच. आता चाळीस गावं म्हणजे चाळीस बाटल्या. फिदालियानं फोन छातीशी धरला, स्वयंपाकघराकडे पाहिलं, आणि परत कानाला लावला.

"बाह ब्रिंग, किट देवाघरी क्वाय खातोय," ती म्हणाली.

मेलेल्या माणसाबद्दल आपल्यात असंच बोलतात. बाजारातल्या शिवराळ बायका, पत्त्यांत लबाडी करणारे टॅक्सीवाले, कोणीही असो, या शब्दांशी खेळ करत नाही. आणि हे सांगणारी घरची दूह असेल तर विषय संपला. भावाला मूठमाती देणारी तीच. तिनं गेला म्हटलं की गेला. तिच्यावर आणखी कोणाला विचारायची रीत नाही.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"त्रास झाला?"

"नाही. झोपेतच गेला."

एकदा तोंड उघडलं की खोटं कसं सुरळीत येतं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं फोन ठेवला. आतून किटबोक ओरडला, "कोण होतं?"

"राँग नंबर," ती म्हणाली.

त्यानंतर त्यानं दारूला शिवलंसुद्धा नाही, हे खरं. फिदालियानं चौदा वर्षं याच एका गोष्टीचा टेकू घेतला होता. भाऊ जिवंत आहे, भांडी घासतोय, पातेल्यांवर ठेका धरून गिऱ्हाइकांना हसवतोय; ती त्याला कोंग फिदाचा भाऊ म्हणूनच ओळखतात. मग काय बिघडलं? पण ब्रिंग्टन दुसऱ्याच कोणाला घेऊन चाळीस गावं फिरला आणि म्हातारपणी पुन्हा मोठा झाला. टीव्हीवर दिसायला लागला. त्याचं 'पायवाट' हे गाणं टॅक्सीत, लग्नात, मयतात, सगळीकडे वाजायला लागलं. ते लागलं की किटबोक हातातली ताटली खाली ठेवायचा.

"एक फोन केला असता," तो म्हणायचा. "एक. मी काय मेलो होतो?" आणि मग हटकून, "आणि या गाण्यात ड्रम का नाहीत? म्हातारा झाला ब्रिंग. ड्रमशिवाय गातो म्हणजे काय, चर्चमधला म्हातारा झाला."

तो मानी होता. आपण होऊन फोन करणं त्याच्या रक्तात नव्हतं. बोलावील तेव्हा जाईन, म्हणत राहिला. आणि फिदालिया मान खाली घालून भात ढवळत राहिली.

आता त्या तिसऱ्या क्वायचं काय करायचं? दाढी झाली, पेज झाली, इबा टॅक्सी आणायला गेली. घरात दोघंच. सांगायचं तर आत्ताच, असं फिदालियाच्या मनानं घेतलं. ती खाटेजवळ जाऊन उभी राहिली. किटबोक गळ्याभोवती मफलर गुंडाळत होता. गळ्यावरची गाठ दिसू नये म्हणून दोन वेढे, मग तिसरा.

"बाह," तिनं थोरल्या भावाला हाक मारली.

"मला त्याच्याशी काही बोलायचं नाही," तो म्हणाला, जणू तिनं तेच विचारलं होतं. "आवाज तरी कुठाय. नुसतं त्यानं बघावं. दुसऱ्या गाण्यात तो दोन ठोके थांबायचा, आठवतं? डाव्या खांद्यावरून मागे बघायचा. मी मारलं की मग पुढे. बघू, आता तिथे काय करतो. तिथे न थांबता पुढे गेला, तर समजायचं विसरला मला. मग मी सुखानं मरतो बघ, त्याला शिव्या देत."

तो हसला आणि हसता हसता खोकला. फिदालियानं त्याची पाठ चोळली. हाताला नुसती हाडं लागली. मग तिनं मफलरचा तिसरा वेढा नीट करून दिला. ती भेकड होती, आणि त्या घडीला तिला स्वतःचा संताप आला.

पोलो मैदानावर अख्खं गाव लोटलं होतं. शिलाँगला गाण्याचं वेड आहे म्हणतात, पण त्या दिवशीचं वेड वेगळं होतं. जैनसेम नेसलेल्या, अंगावर चौकड्यांच्या शाली घेतलेल्या सत्तरीच्या बायका पुढच्या खुर्च्यांसाठी भांडत होत्या. टॅक्सीवाल्यांनी दुपारपासून गाड्या बंद ठेवल्या होत्या. मांसाच्या बाजारातले खाटीक आंघोळ करून, केस चोपून आले होते. चर्चचे धर्मगुरू टोपी डोळ्यांवर ओढून, कोणी ओळखू नये अशा बेतानं कोपऱ्यात उभे होते आणि सगळेजण त्यांना नमस्कार करत होते. मैदानाच्या कडेच्या चेरीच्या झाडांना फुलं आली होती आणि पोरं त्या झाडांवर चढून बसली होती.

किटबोकला दोघी मायलेकींनी मधे धरून तिसऱ्या रांगेत बसवलं. कोणी ओळखलं नाही. कुठून ओळखणार? हेलस्टोन्सचा ड्रमवाला म्हणजे दंडावर बेडक्या असलेला, खांद्यापर्यंत केसांचा गडी. हे तर जाकिटात गुंडाळलेलं चिपाड.

दोन वाजून गेले, सव्वादोन झाले. मग गलका झाला तो थेट टेकड्यांवर आपटून परत आला. ब्रिंग्टन रिन्जा काठी टेकत आला. एकाहत्तर वर्षं, पांढरी शेपटीएवढी वेणी, एक पाय जड. माईकपाशी येऊन त्यानं काठी खाली टाकली, कोणीतरी त्याच्या गळ्यात गिटार अडकवलं, आणि म्हातारा गायब झाला. खरंच गायब झाला. पहिल्या सुरालाच त्या जड पायात कुठून जोर आला कोण जाणे. त्याचा आवाज फाटलेला होता, पण तो फाटलेला आवाजच तो लोकांच्या अंगावर असा ओढत नेत होता की फिदालियाच्या शेजारची म्हातारी क्वायचा तोबरा तसाच गालात ठेवून रडायला लागली. फिदालियाच्याही अंगावर काटा आला. तिला ते आवडलं नाही. या माणसाचा तिनं आयुष्यभर राग केला होता, आणि तिचा पाय तिच्या परवानगीशिवाय ठेका धरत होता.

किटबोकनं काठ्या बाहेर काढल्या होत्या. गुडघ्यावर तो वाजवत होता, डोळे मिटून. त्याच्या तोंडावर रंग चढला होता. इबानं आईला कोपरखळी मारली, बघ म्हणून. फिदालियानं बघितलं. तिच्या भावाला इतकं सुखी तिनं कधी पाहिलं होतं, तिला आठवेना.

दुसरं गाणं सुरू झालं. किटबोकनं डोळे उघडले, खुर्चीच्या कडेवर सरकला. "आता," तो म्हणाला. "आता बघ."

ब्रिंग्टन थांबला. सगळा बँड थांबला. दोन ठोके. आणि त्यानं डाव्या खांद्यावरून मागे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. नवीन ड्रमवाला पोरगा उजवीकडे बसला होता. ब्रिंग्टन डावीकडच्या मोकळ्या जागेकडे दोन ठोके बघत राहिला आणि मग पुढे गेला.

किटबोकच्या काठ्या हवेतच राहिल्या. मग त्यानं इबाचा हात पकडला. "बघितलंस? अगं, बघितलंस ना? नाही विसरला. गाढव अजून तिथेच बघतो." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्याला नव्हतं.

फिदालियाला वाटलं, बस. मिळालं त्याला हवं होतं ते. ती वाकून म्हणाली, "बाह, वारं सुटलंय. चल आता. पुढचं इबा फोनवर दाखवील."

"वेडी का तू?" तो म्हणाला. "आता तर कुठे सुरू झालंय."

"तुला झेपायचं नाही."

"नाही झेपलं तर इथेच मरतो. तू बस खाली, मागच्यांना दिसत नाहीये."

मागचे खरंच ओरडत होते. ती बसली.

चौथ्या गाण्यानंतर ब्रिंग्टननं गिटार बाजूला ठेवलं आणि हात वर केला. मैदान शांत झालं. एका बाईनं बांबूच्या ताटलीत क्वाय आणून दिलं, चुना लावलेली पानं आणि सुपारीच्या फाका. डावीकडे, त्या मोकळ्या जागेवर, एक साधं लाकडी स्टूल होतं. ब्रिंग्टन जड पाय ओढत तिकडे गेला.

"आमच्या आल्फीला," तो म्हणाला, आणि एक पान ठेवलं. "बास गिटार त्याच्यासारखं कोणी वाजवलं नाही आणि उधारीही त्याच्याइतकी कोणी बुडवली नाही." लोक हसले.

"मॉर्डिंगला." दुसरं पान. "चर्चमधल्या पेटीवर रॉक वाजवला म्हणून वडिलांनी घराबाहेर काढलेला माझा भाऊ."

किटबोक मान डोलावत होता. "बरोबर. बरोबर बोलतोय."

फिदालियानं शालीचं टोक तोंडात कोंबलं. ताटलीत आणखी एक पान होतं. तिच्या नजरेला दुसरं काहीच दिसत नव्हतं. ब्रिंग्टननं ते उचललं, पण लगेच ठेवलं नाही.

"हे तिसरं," तो म्हणाला. "याच्याबद्दल मी आजवर कुठे बोललो नाही. ठरवलं होतं, बोललो तर त्याच्याच गावात बोलेन. चौदा वर्षांपूर्वी मी त्याला बोलवायला फोन केला. चाळीस गावं वाजवायची होती, आणि मला तोच हवा होता. फोन त्याच्या बहिणीनं उचलला. ती म्हणाली, किट देवाघरी क्वाय खातोय."

त्यानं पान स्टुलावर ठेवलं, आल्फी आणि मॉर्डिंगच्या पानांच्या मधे, आणि बोटानं जरासं सरळ केलं.

"किटबोक नोंगरुम," तो म्हणाला. "त्याच आठवड्यात मी 'पायवाट' लिहिलं. लोक मला विचारतात, यात ड्रम का नाहीत. दुसऱ्या कोणाला मी ती जागा देणार नव्हतो. उठा, त्याच्यासाठी उभे राहा."

सगळं मैदान उभं राहिलं. हजारो माणसं, माना खाली घालून. टोप्या निघाल्या. शेजारची म्हातारी हात जोडून पुटपुटत होती. खुर्चीत एकटा किटबोक बसून होता, दोन्ही हातांत एकेक काठी, आणि उभ्या माणसांच्या भिंतीत त्याला आता काही दिसत नव्हतं.

इबाला समजायला क्षणभर लागला. मग ती आईकडे वळली. "मेई?" तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मेई, हा काय म्हणतोय?"

फिदालियानं मान हलवली. नाही म्हणायला की हो म्हणायला, तिचं तिलाच कळलं नाही.

"मी जाते सांगायला," इबा म्हणाली. "मामा, मी जाऊन त्याला सांगते, तू इथे आहेस." ती खुर्च्यांमधून निघालीसुद्धा. किटबोकनं तिचं मनगट धरलं. त्याच्या अंगात तेवढी ताकद उरली असेल असं कोणाला वाटलं नसतं.

"नको."

"अरे, असं कसं नको? तू जिवंत आहेस!"

"बस म्हणतो ना."

वर ब्रिंग्टननं एकट्यानं गिटार छेडलं होतं. 'पायवाट' सुरू झालं. लोक उभ्यानंच, हलक्या आवाजात त्याच्याबरोबर म्हणायला लागले; प्रत्येकाला ते पाठ होतं. खानावळीत, टॅक्सीत, रेडिओवर हजार वेळा ऐकलेलं गाणं, जे ऐकून किटबोक चौदा वर्षं चिडत आला होता. आता तो ते ऐकत होता. ओळींच्या मधे मोठमोठ्या मोकळ्या जागा होत्या, ड्रम असायला हवा तिथे काहीच नव्हतं, आणि प्रत्येक मोकळ्या जागेत ब्रिंग्टन तेवढाच वेळ थांबत होता, एक ठोका कमी नाही की जास्त नाही.

"वाजव ना मामा," इबा रडत म्हणाली. "निदान गुडघ्यावर तरी वाजव."

किटबोकनं काठ्या जाकिटाच्या खिशात घातल्या आणि चेन वर ओढली.

"त्यानं जागा मोकळी ठेवलीय," तो म्हणाला. "मेलेल्या माणसानं मधे वाजवू नये."

फिदालिया उठली. आता तिलाही राहवेना. ती स्टेजच्या पायऱ्यांकडे निघाली. पाया पडेन, सगळ्या गावासमोर सांगेन, थुंकू दे त्यांना माझ्यावर. दोन पावलं गेली असेल.

"दूह," तो म्हणाला.

तिनं मागे वळून बघितलं.

"त्याला काय दाखवणार आहेस?" त्यानं स्वतःच्या गळ्याकडे, मफलरच्या तीन वेढ्यांकडे बोट दाखवलं. "हे? तो चौदा वर्षं ज्याच्यासाठी रडला, तो असा नव्हता. आता हे त्याच्या पदरात घालायचं आणि महिन्यानं परत काढून घ्यायचं? बस खाली. गाणं चाललंय."

ती बसली. गाणं खूप लांब होतं. रेडिओवर इतकं लांब ते कधी वाटलं नव्हतं.

परत येताना टॅक्सीत इबा पुढे बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. टॅक्सीवाल्यानं उत्साहानं 'पायवाट' लावलं, तेव्हा तिनंच हात पुढे करून बंद केलं. मागे भाऊबहीण. चढावर गाडी हळू झाली तेव्हा किटबोक म्हणाला, "फोन कधी आला होता?"

"ऑक्टोबरमध्ये."

"दिवसा?"

"सकाळी. दहाच्या सुमाराला."

"मी कुठे होतो?"

"आत. बटाटे सोलत होतास."

त्यानं मफलरचा एक वेढा सोडला. मग म्हणाला, "मी विचारलं होतं, कोण होतं म्हणून."

"हो."

"राँग नंबर म्हणालीस."

"हो." मग तिचा बांध फुटला. "तू गेला असतास तर वर्षात मेला असतास, बाह. गटारात मेला असतास. मी तुला खाटेला बांधून ठेवलं होतं, आठवतं का तुला? मी दुसरं काय करायला हवं होतं? तू सांग. तूच सांग."

"मेलो असतो," किटबोक म्हणाला. "बहुतेक. तुझं काही चुकलं नसेल." त्यानं श्वास घेतला, तो मधेच अडकला, परत घेतला. "पण फोन माझा होता, दूह."

टॅक्सी उरलेला चढ चढत राहिली.

घरी पोचले तेव्हा उन्हं टेकड्यांच्या मागे गेली होती. दोघींनी त्याला खाटेवर निजवलं, जाकीट काढलं, काठ्या त्यानं मागितल्या नाहीत. इबा आपल्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी घातली. फिदालिया नेहमीप्रमाणे ताटली घेऊन बसली. घरात आलेल्या माणसाला आधी क्वाय, मग बाकी सगळं, हे तिच्या हाताला इतकं ठाऊक होतं की मनाला विचारायची गरज पडत नसे. किटबोकला चावता येईना झालं तरी ती रोज संध्याकाळी त्याच्या वाटणीचं करायचीच. तो ते हातात घ्यायचा, हुंगायचा, मूठ मिटायचा आणि तसाच झोपायचा. सकाळी उशीखाली सुकलेलं पान सापडायचं. इतके दिवस हे चाललं होतं.

तिनं पानाला चुना लावला, सुपारीची फाक ठेवली, आणि खाटेजवळ जाऊन हात पुढे केला.

किटबोक भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो वळला नाही. हात त्यानं पांघरुणातच ठेवला.

"मला कशाला?" तो म्हणाला. "माझं तिकडे ठेवलंय."

फिदालिया हात पुढे करून उभी राहिली. चुना तळव्याला लागून झोंबायला लागला होता, पण ते पान कुठे ठेवायचं ते तिला कळत नव्हतं.